मतलई म्हणजे कुठला वारा?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मिठागरांविषयी लिहिताना ‘मतलई सुटला की मीठ चांगले धरते’ असे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. त्या एका शब्दावरून बरीच पत्रे आली. कोणी त्याची व्युत्पत्ती विचारली आहे, कोणी आपल्या घरात ऐकलेली वाऱ्यांची नावे कळवली आहेत, तर कोणी अशी नावे आता कशाला हवीत, असा सरळ प्रश्न केला आहे. म्हणून या वेळचे सदर वाऱ्यांनाच दिले आहे.

प्रश्न : शाळेत आम्ही ‘दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे’ असे पाठ केले आणि आता मीही मुलांकडून तेच पाठ करून घेते. ‘खारे’ कळते, पण ‘मतलई’ म्हणजे काय? आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आमच्या मुलांना हे वारे प्रत्यक्ष दाखवायचे कसे? (एक शिक्षिका, पेडणे)

उत्तर : ‘मतलई’ हा शब्द अरबीतून आलेला आहे. अरबीत ‘मतला’ म्हणजे उगवण्याची जागा. अरब खलाशी रात्री ताऱ्यांवरून दिशा धरीत आणि होकायंत्रावरच्या दिशांनाही अमुक ताऱ्याचा ‘मतला’, म्हणजे उगवतीचे ठिकाण, आणि ‘मगीब’, म्हणजे मावळतीचे ठिकाण, अशी नावे देत. तेव्हा मतलई म्हणजे उगवतीकडून येणारा, पूर्वेचा वारा. आपल्या किनाऱ्याच्या पूर्वेला जमीन आणि पश्चिमेला समुद्र असल्यामुळे पूर्वेचा वारा तो जमिनीवरचा वारा, असा अर्थ आपोआप जुळला. हाच शब्द आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली भाषेतही गेला असून तेथे तो पहाटेच्या वाऱ्यासाठी वापरतात. गझलेच्या पहिल्या शेराला ‘मतला’ म्हणतात तोही हाच शब्द आहे, कारण गझल तेथून उगवते. कोकणीत आपण पूर्वेला ‘उदेंत’ आणि पश्चिमेला ‘अस्तंत’ म्हणतो, म्हणजे अरब खलाशाने जसा विचार केला, तसाच तो आपल्या माणसांनीही केलेला आहे. मुलांना सांगताना ‘मतलई म्हणजे उदेंतीचे वारे’ एवढे सांगितले तरी ती तो शब्द पुन्हा विसरणार नाहीत.

आता कारण. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, पाणी मात्र दोन्ही गोष्टी सावकाश करते. दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची दमट, खारट हवा आत येते, तो खारा वारा. रात्री जमीन निवते, समुद्र मात्र ऊब धरून असतो, आणि हवा उलट्या वाटेने जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागते, तो मतलई. पुस्तकात हे दोन वारे तोलामोलाचे दाखवतात, ते मात्र खरे नाही. आपल्याकडे खारा वारा जोरकस असतो आणि मतलई हलका, गार, कोरडा असतो. जून ते सप्टेंबरपर्यंत नैऋत्येचा वारा दिवसरात्र एवढ्या जोराने वाहत असतो की, या दोघांचा पाठशिवणीचा खेळ त्याच्याखाली झाकला जातो. मतलई खरा ओळखायचा तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या पहाटे. खारा वारा ओळखायचा मार्च ते मेच्या दुपारी, आणि तेव्हाही तो सरळ पश्चिमेचा नसून दिवस कलत जाईल तसा वायव्येकडे झुकत जातो.

एक उदाहरण देतो. एका जानेवारीत आम्ही आगरवाड्याच्या मिठागरावर पहाटे साडेपाचला गेलो होतो. बांधावर चहासाठी पेटवलेल्या चुलीचा धूर जमिनीलगत सरपटत पश्चिमेकडे, शापोऱ्याच्या मुखाच्या बाजूला चालला होता, आणि कोंडीतल्या पाण्यावर इतक्या बारीक सुरकुत्या होत्या की, वाकून पाहिल्याशिवाय त्या दिसल्या नसत्या. नऊ-साडेनऊला वारा अगदी पडला. धूर सरळ उभा राहिला, मिठागरातले काका कपाळ पुसत म्हणाले, “आता जरा कळ काढा, तो फिरतोय.” साडेअकराच्या सुमारास माडांच्या झावळ्या एकाएकी सळसळल्या, धुराची मान आमच्याकडे वळली आणि पाण्यावर तरंगणाऱ्या मिठाच्या पातळ पापुद्र्या पूर्वेच्या बांधाला येऊन टेकल्या. काकांनी लांब दांड्याच्या फळीने त्या तिथूनच ओढायला घेतल्या. मीठ कुठल्या बांधाशी जमेल, हे ते कोंडीत उतरण्याआधीच ठरवून बसले होते.

मुलांना दाखवायचे तर हेच करावे. शाळेच्या आवारात सकाळी सातला, दहाला आणि दोनला उदबत्ती लावून धुराची दिशा वहीत लिहायला सांगावी. आठवडाभर लिहिले की, मधली वारा पडण्याची वेळही त्यांच्या ध्यानात येईल, आणि पुस्तक नेमके तिच्याविषयी गप्प असते. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा सारा दिनक्रम यावर बेतलेला असे : पहाटे मतलईवर बाहेर पडायचे, वारा पडेल तेव्हा जाळी ओढायची आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घर गाठायचे. आज होड्यांना मोटरी आहेत, वाऱ्यासाठी थांबावे लागत नाही. पण रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे मच्छीमार, अजूनही समुद्र सपाट असतो त्या सकाळच्या वेळी रापण घालणे पसंत करतात.

जाता जाता एक : सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात आर्चबिशपांच्या पदरी राहिलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाने या दोन्ही वाऱ्यांची नोंद करून ठेवलेली आहे. येथले पोर्तुगीज जमिनीवरच्या वाऱ्याला ‘तेर्रेन्यो’ म्हणत आणि समुद्रावरच्या वाऱ्याला ‘विरासांव’. पहिला शब्द भूमीवरून आला, दुसरा ‘वळणे’ या क्रियापदावरून. वळलेला वारा. “तो फिरतोय” असे म्हणणाऱ्या आमच्या मिठागरातल्या काकांनी पोर्तुगीज कधी ऐकलीही नसेल.

प्रश्न : ‘पश्चिमेचा वारा’ म्हणजे पश्चिमेकडे जाणारा की पश्चिमेकडून येणारा? आमच्या वर्गात यावरून वाद झाला. (इयत्ता आठवीतील विद्यार्थी, डिचोली)

उत्तर : पश्चिमेकडून येणारा. वाऱ्याचे नाव तो कुठून आला यावरून ठेवतात, कारण माणसाला येणारा वारा तोंडावर लागतो आणि तो पाऊस आणणार की कोरडे ऊन, हे तो कुठून निघाला त्यावर ठरते. समुद्रातल्या प्रवाहाचे नाव मात्र उलट, तो कुठे जातो यावरून ठेवतात, कारण होडी तिकडे वाहून जाणार असते. वेधशाळेच्या छपरावरचा वातकुक्कुटही चोच वारा येतो त्या दिशेला करतो. तुमच्या वादात दोन्ही बाजूंच्या मनात बहुधा एकाच्या वारा आणि दुसऱ्याच्या प्रवाह असावा.

प्रश्न : आमचे वडील दसऱ्याच्या आगेमागे गडगडाट झाला की ‘हत्ती आला, भात आत घ्या’ असे म्हणत. अलीकडे एका इंग्रजी पुस्तकात मलबार किनाऱ्यावरच्या ‘एलिफंटा’ नावाच्या वाऱ्याचा उल्लेख वाचला. हा योगायोग आहे की दोहोंत काही नाते आहे? मुंबईजवळच्या एलिफंटा लेण्यांशी त्याचा संबंध असेल का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : या वेळच्या पत्रांतला सर्वांत आनंद देणारा प्रश्न हा आहे, कारण नाते आहे आणि ते अगदी थेट आहे.

सूर्य ज्या नक्षत्रात असेल त्या नक्षत्राचा पाऊस, अशी आपली शेतकरी गणना आहे. जूनच्या सुरुवातीला मृग, मग आर्द्रा, पुढे पुनर्वसूचा ‘तरणा’ पाऊस, पुष्याचा ‘म्हातारा’ पाऊस, असे करत सप्टेंबरच्या २७ तारखेच्या सुमारास सूर्य हस्तात शिरतो आणि ऑक्टोबरच्या १० तारखेपर्यंत तेथे असतो. हस्त हे तेरावे नक्षत्र. त्याचा मूळ अर्थ हात, आणि सोंड हाच ज्याचा हात तो ‘हस्ती’, म्हणजे हत्ती. लोकांच्या तोंडी हस्ताचा पाऊस म्हणजे हत्तीचा पाऊस झाला, उत्तरेत त्याला ‘हथिया’ म्हणतात. महाराष्ट्रात भोंडल्याला किंवा हादग्याला पाटावर हत्ती काढून त्याभोवती मुली फेर धरतात, तोही याच नक्षत्राचा.

पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगीज खलाशांनी पावसाळ्याच्या शेवटी अचानक उठणाऱ्या वादळाचे हे नाव इथल्या लोकांकडून ऐकले आणि आपल्या भाषेत त्याचे सरळ भाषांतर केले : ‘एलेफांते’, म्हणजे हत्ती. पोर्तुगीजांकडून ते इंग्रजांकडे गेले आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मलबार किनाऱ्यावर दक्षिण-आग्नेयेकडून येणाऱ्या जोरदार वाऱ्याचे नाव म्हणून हवामानाच्या इंग्रजी कोशांत ‘एलिफंटा’ स्थिर झाले. म्हणजे तुमचे वडील जे म्हणत, तेच दोन भाषांचा वळसा घालून पुस्तकातून तुमच्याकडे परत आले. घारापुरीच्या बेटाचे एलिफंटा हे नाव मात्र वेगळ्या कारणाने पडले. तेथे एक मोठा दगडी हत्ती होता. तो हत्ती आता मुंबईत भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. या दोन हत्तींची गल्लत करू नये. तशीच पंचांगात दर नक्षत्राला जे ‘वाहन’ दिलेले असते, त्यातल्या हत्तीशीही करू नये. वाहन दर वर्षी बदलते, हस्त नक्षत्र बदलत नाही.

त्या पावसाचा स्वभावही नावाला शोभणारा आहे. सप्टेंबर सरताना नैऋत्येचा वारा मंदावतो, ढग विरळ होतात आणि जमीन पुन्हा तापू लागते, पण हवेत दमटपणा भरपूर उरलेला असतो. दुपारी सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरांवर ढगांचे मनोरे चढतात आणि वरच्या थरातला वारा आता पूर्वेचा झालेला असल्यामुळे ते किनाऱ्याकडे सरकतात. श्रावणातला पाऊस समुद्राकडून येतो, हस्ताचा डोंगराकडून येतो, हा फरक ओसरीवर उभे राहून डोळ्यांना दिसतो. आधी गार वाऱ्याचा एक झोत येतो, मग धूळ, मग मोठे थेंब, आणि तासाभरात सगळे संपते. नेमके याच दिवसांत खरिपाचे भात कापणीला आलेले किंवा खळ्यावर पडलेले असते. ‘भात आत घ्या’ या तुमच्या वडिलांच्या तीन शब्दांना एवढा मोठा आधार आहे. ते शब्द आपण लिहून ठेवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : उत्तरेत ‘लू’ सुटते तशी गोव्यात का सुटत नाही? (एक वाचक, वास्को)

उत्तर : लू हा राजस्थान आणि उत्तरेच्या मैदानांवरचा मे-जूनचा तापलेला, कोरडा, पश्चिमेचा वारा. आपल्याकडे पश्चिमेला वाळवंट नसून समुद्र आहे, आणि दुपारी जमीन तापून फार चढू लागली की खारा वारा आत येऊन तिला थोपवतो. ज्या दिवशी पूर्वेचा वारा टिकून राहतो आणि खारा वारा उशिरा येतो, त्या दिवशी फेब्रुवारी-मार्चमध्येही पणजीत पारा चढलेला आढळतो.

प्रश्न : ‘मान्सून’ हा शब्द इंग्रजी की आपला? आणि पोर्तुगीज जहाजे नेहमी सप्टेंबर-ऑक्टोबरातच गोव्यात का पोचत? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : शब्द मूळचा अरबी आहे. ‘मौसिम’ म्हणजे ऋतू, ठरावीक वेळ. त्यावरून आपला मोसम व मोसमी वारे, त्यावरूनच पोर्तुगीज ‘मोन्सांव’, आणि त्यातून डच वाटेने इंग्रजी ‘मान्सून’. म्हणून ‘मोसमी’ म्हणायला कोणी संकोचू नये, तो मान्सूनचा वडील भाऊ आहे.

मूळ अर्थात पाऊस नाही, वेळ आहे, हे येथे महत्त्वाचे. खलाशाला पावसापेक्षा वारा कधी फिरतो याची चिंता होती. वास्को द गामा १४९८ साली आफ्रिकेतल्या मालिंदीहून एप्रिलच्या अखेरीस निघाला आणि नैऋत्येचा वारा पाठीशी घेऊन सुमारे २३ दिवसांत मलबार किनाऱ्याला लागला. परतताना मात्र त्याने घाई केली. आज गोव्यातच मोडणाऱ्या, कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून तो ५ ऑक्टोबरला निघाला, तेव्हा नैऋत्येचा वारा सरलेला आणि ईशान्येचा अजून स्थिरावलेला नव्हता. निवांत समुद्र आणि उलटे वारे यांत तोच पल्ला ओलांडायला त्याला जवळजवळ तीन महिने लागले आणि त्याची सुमारे ३० माणसे वाटेत दगावली. या किनाऱ्यावरचा कोणताही नाखवा त्याला आणखी दोन महिने थांबायला सांगता. पुढे पोर्तुगीजांनी हे शिकून घेतले. त्यांची जहाजे मार्च-एप्रिलमध्ये लिस्बन सोडत, नैऋत्य वाऱ्याच्या शेवटच्या भागावर सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला पोचत आणि डिसेंबर-जानेवारीत, ईशान्येचा वारा पक्का झाल्यावर, परत फिरत.

आपल्या लोकांना हे शिकायला जहाज गमवावे लागले नाही. कोकणात पावसाळा लागतो त्या वेळेला ‘आगोट’ म्हणतात, आणि आगोटीच्या आत होडी वर ओढलेली, घर शाकारलेले, सरपण आत घेतलेले असले पाहिजे, असा दंडक होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही समुद्र खवळण्यापूर्वी आरमार सुरक्षित बंदरात छावणीला नेण्याची ताकीद आहे. गोव्यात त्याच दिवसांत ‘पुरुमेंत’ भरतात : सुके मासे, मिरच्या, सोलां, मीठ. हा शब्द बेगमी या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला, पण ती करायची वेळ वाऱ्याने ठरवलेली आहे. आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि तो काळ माशांच्या विणीसाठी राखलेला असला, तरी जुन्या आगोटीच्या चौकटीतच बसतो.

प्रश्न : फेब्रुवारीत वारा नाही, ढग नाहीत, तरी केरीच्या किनाऱ्यावर एखाद्या दिवशी लांब आणि उंच लाटा का येतात? (एक वाचक भगिनी, केरी-पेडणे)

उत्तर : त्या लाटा इथल्या नव्हेत. अरबी द्वीपकल्प आणि इराणच्या आखाताकडे हिवाळ्यात उत्तर-वायव्येचा जोरदार वारा सुटतो, त्याला तेथे ‘शमाल’ म्हणतात. अरबीत शमाल म्हणजे उत्तर. त्याने उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून दिवसा-दोन दिवसांनी आपल्या किनाऱ्याला वायव्येकडून लागतात. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या शमाल-लाटांचा अभ्यास केला आहे. वारा तिकडे आणि लाट इकडे, त्यामुळे आपल्याला त्या निवांत दिवसातून उगवल्यासारख्या वाटतात. ओळखायची खूण अशी की, दोन लाटांतले अंतर मोठे आणि सारखे असते. दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने उठलेल्या लाटा आखूड आणि विस्कळीत असतात. अशा दिवशी मुलांना खडकांवर जाऊ देऊ नये.

प्रश्न : फयान, निसर्ग, तौक्ते ही नावे आणि मतलई, खारे, हत्ती ही नावे एकाच जातीची मानायची का? उपग्रह असताना जुन्या नावांचा उपयोग काय? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : एकाच जातीची नव्हेत. मतलई हे वाऱ्याच्या प्रकाराचे नाव आहे. तो उद्याही येणार आहे आणि त्याचे नाव ऐकताच दिशा व वेळ कळते. तौक्ते हे एका वादळाचे, एकदाच वापरायचे नाव. उत्तर हिंदी महासागरातल्या चक्रीवादळांना अशी नावे द्यायला २००४ साली सुरुवात झाली. त्यासाठी आता १३ देश नावे सुचवतात आणि दिल्लीचे हवामान खाते ती क्रमाने देते. ‘निसर्ग’ हे बांगलादेशाने दिलेले, ‘तौक्ते’ म्यानमारने दिलेले, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ पाल असा आहे. सूचना देताना दोन वादळांत गोंधळ होऊ नये, हा त्यांचा हेतू आहे आणि तो उत्तम साधतो. पण ‘पाल’ या नावावरून वारा कुठून येईल, हे कोणाला कळणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, उपग्रह वादळ कुठे आहे ते सांगतो, आणि तुमच्या अंगणात वारा कसा फिरेल ते समजायला दिशांची जुनी सवय लागते. आपल्या गोलार्धात चक्रीवादळातले वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, तर वादळाचे केंद्र साधारण डाव्या हाताला असते. वादळ आपल्या पश्चिमेने, समुद्रातून उत्तरेकडे जात असेल, तर वारा आधी आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून आणि शेवटी नैऋत्येकडून येतो. तो नैऋत्येला गेला की केंद्र पुढे सरकले असे समजावे, मात्र झोत ओसरेपर्यंत बाहेर पडू नये.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते गोव्याजवळून असेच गेले. आमच्याकडे सकाळपासून वीज नव्हती आणि मोबाइलही बंद पडला होता. दुसऱ्या दिवशी अंगण झाडायला घेण्याआधी आईने सगळ्यांना थांबवले आणि पडलेल्या झावळ्या नुसत्या पाहायला लावल्या. तळाशी दबलेल्या, पहिल्यांदा पडलेल्या झावळ्यांची टोके वायव्येकडे होती. मधल्या उत्तरेकडे. सर्वांत वरच्या, संध्याकाळी पडलेल्या, त्यांच्यावर आडव्या, ईशान्येकडे.